मांडीतून अँजिओग्राफी: क्लोजर डिव्हाइस घ्यावं का?

प्रश्न असा आहे. दांडिया बाजारातल्या एका ताईंच्या सासऱ्यांची, वय ७२, अँजिओग्राफी ठरली आहे. मधुमेह जुना, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं. पुढे डायलिसिसची वेळ आलीच तर फिस्टुलासाठी (डायलिसिसकरता हातातली धमनी आणि शीर जोडतात तो) मनगटाची धमनी शाबूत हवी, म्हणून डॉक्टर मांडीतून करणार आहेत. सासऱ्यांची कंबर धरते, सपाट पडवत नाही, शिवाय प्रोस्टेटची तक्रार. हॉस्पिटलातून सांगितलंय की क्लोजर डिव्हाइस, म्हणजे धमनीला पडलेलं भोक बुजवणारं साधन, लावलं तर दोन तासांत चालतील, नाहीतर सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागेल. डिव्हाइसचे पैसे वेगळे. घ्यावं का? घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि नवरात्र पंधरा दिवसांवर.

ताई, मी डॉक्टर नव्हे, सिस्टर. बडोद्यातच कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, सव्वीस वर्षं काढली. सुरुवातीला सगळ्याच अँजिओग्राफी मांडीतून व्हायच्या आणि शीथ (धमनीत घातलेली नळी) काढून जांघ दाबून धरायचं काम बहुतेक आमच्याकडे यायचं. किती जणांची दाबली ते मोजलं नाही, पण उजव्या अंगठ्याचा सांधा पावसाळ्यात हिशेब सांगतो. म्हणून डिव्हाइस निवडायचं काम डॉक्टरांचं. ते लावल्यावर आणि न लावल्यावर काय होतं, एवढंच मी सांगते.

तुमच्या सासऱ्यांसाठी मी घ्या म्हणेन. कंबर आणि प्रोस्टेट या दोन गोष्टींसाठी. जास्त सुरक्षित म्हणून कोणी गळ घालत असेल तर तेवढं मात्र मनावर घेऊ नका.

आधी ते भोक काय आहे ते बघा. नेहमीचा शीथ ६ फ्रेंचचा असतो. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे आतून दोन मिलिमीटर, बाहेरून अडीचच्या जरा वर. ऐकायला एवढंसं वाटतं. पण सलाईन लावतात ती शीर वेगळी आणि जांघेतली धमनी वेगळी. इथे प्रत्येक ठोक्याला रक्त उसळी मारतं आणि वर रुग्णाला रक्त पातळ करणारी औषधं चालू असतात. १९५३ साली सेल्डिंगर नावाच्या स्वीडिश रेडिओलॉजिस्टने सुई, तार आणि तारेवरून नळी अशी युक्ती काढली, तेव्हापासून चिरा न देता धमनीत शिरता येऊ लागलं. चिरा नाही म्हणजे टाकाही नाही. पण भोक उरतंच, आणि ते बुजेपर्यंत कोणीतरी दाबून धरायचं. पुढे चाळीसेक वर्षं तो कोणीतरी म्हणजे माणसाचा हातच होता. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर पहिली क्लोजर डिव्हाइसेस बाजारात आली.

हाताने दाबणं हे दिसतं तितकं साधं नाही. सुई तिरकी जाते, त्यामुळे कातडीवरचं भोक एकीकडे आणि धमनीवरचं त्याच्या एक-दोन सेंटिमीटर वर. नवीन मुली कातडीवरचं भोक दाबतात; वरून कोरडं दिसतं आणि आत गाठ फुगत जाते. बोटांखाली ठोका लागला पाहिजे आणि त्याच्याही खाली मांडीच्या हाडाचा गोळा, कारण धमनी दाबायला मागे काहीतरी कडक हवं. पहिली काही मिनिटं चांगलाच जोर, मग हळूहळू सैल. पाय पांढरा पडेस्तोवर दाबायचं नाही. पावलावरचा ठोका अधूनमधून बघायचा. आमच्या जुन्या हेड सिस्टरचा हिशेब एका फ्रेंचला तीन मिनिटांचा होता, म्हणजे सहाच्या शीथला अठरा. आणि या अठरा मिनिटांत हात उचलून 'थांबलं का' बघायचं नाही. बघितलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. हेपारिन (रक्त पातळ करणारं औषध) दिलेलं असेल तर त्याचा असर उतरेपर्यंत शीथ काढताच येत नाही. रक्त गोठायला लागणारा वेळ तपासतात आणि तो साधारण दीडशे ते एकशे ऐंशी सेकंदांच्या खाली आला की काढतात. अँजिओप्लास्टीनंतर ही वाट बघण्यातच दोन-चार तास जायचे. नुसत्या अँजिओग्राफीत हेपारिन कमी किंवा नसतंच, त्यामुळे शीथ लगेच निघतो.

त्यानंतरचे चार ते सहा तास पाय सरळ. तुमच्या सासऱ्यांची खरी परीक्षा इथे आहे. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला पडल्यापडल्या लघवी होत नाही, हे घरच्यांना आधी कोणी सांगत नाही. पोट तट्ट फुगतं, माणूस कण्हतो, बीपी चढतं, कण्हताना पोटाला जोर लागतो आणि जांघेतून पुन्हा रक्त येतं. मग कॅथेटर घालावा लागतो, मधुमेही माणसाला त्याचा संसर्ग, असं एकातून एक. कंबरेचंही तेच. दुखतं म्हणून माणूस कूस बदलतो, गुडघा वर घेतो. दोन तासांनी उठायला मिळणं ही अशा माणसासाठी चैन नाही.

आता डिव्हाइस. नावं ब्रँडची असली तरी कॅथलॅबमध्ये तीच वापरतात म्हणून सांगते. अँजिओसीलमध्ये धमनीच्या आतून एक चपटी पट्टी आणि बाहेरून कोलॅजेनचा बोळा, मध्ये दोरा ओढून दोन्ही एकमेकांवर घट्ट. हे सगळं साठ ते नव्वद दिवसांत विरघळतं. प्रोग्लाइड म्हणजे चक्क टाका, आतून घातलेला पॉलिप्रॉपिलिनचा, तो कायम राहतो. व्हॉल्व बदलतात त्या मोठ्या शीथसाठीसुद्धा हाच टाका आधी घालून ठेवतात. मिंक्समध्ये बाहेरून जेलसारखा प्लग, महिन्याभरात नाहीसा होणारा. स्टारक्लोज ही धातूची बारीक क्लिप. यातलं कुठलं सगळ्यात चांगलं, असं विचाराल तर डॉक्टरांच्या हाताला जे रोजचं असेल ते. पहिल्या पंचवीस-तीस केसेसमधला हात आणि पाचशेनंतरचा हात यांत फरक पडतो, आणि तो फरक मी टेबलाच्या या बाजूने पाहिलाय.

कोलॅजेनवरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बडोद्यात हा प्रश्न येतो आणि बहुतेक वेळा उशिरा येतो. अँजिओसीलमधलं कोलॅजेन गायीच्या ऊतीपासून काढलेलं असतं. गोमांसाची किंवा कोलॅजेनची ॲलर्जी असलेल्याला ते चालत नाही, हे वैद्यकीय कारण झालं. पण आमच्याकडे जैन, वैष्णव कुटुंबं येतात, आपल्यातलीही सोवळ्याओवळ्याची माणसं असतात, आणि त्यांना हे नंतर कळलं तर मनाला लागतं. तुमच्या घरी हा मुद्दा असेल तर आदल्या दिवशीच बोला. टाका, जेल, क्लिप असे दुसरे मार्ग आहेत. (रक्त पातळ करायला देतात ते हेपारिनही प्राण्यांच्या आतड्यांतूनच येतं. ते मात्र कोणी विचारत नाही, आणि मीही आपणहून कधी काढत नाही. आज काढलं.)

सुरक्षिततेचं म्हणाल तर जर्मनीत एक मोठा अभ्यास झाला, आयसार-क्लोजर नावाचा, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. ४५२४ रुग्ण, सगळ्यांची मांडीतून अँजिओग्राफी, सगळ्यांना ६ फ्रेंचचा शीथ. डिव्हाइस लावलेल्यांत जांघेची गुंतागुंत ६.९ टक्के, हाताने दाबलेल्यांत ७.९ टक्के. म्हणजे डिव्हाइस मागे नाही, एवढंच सिद्ध झालं. वेळेत मात्र मोठा फरक: रक्त थांबायला एका बाजूला एक मिनिट, दुसऱ्या बाजूला दहा. माझा अनुभवही असाच आहे. डिव्हाइसने तास वाचतात. गाठी, काळंनिळं होणं थोडं कमी होतं. पण जेव्हा बिघडतं तेव्हा डिव्हाइसचं बिघडणं वेगळ्या जातीचं असतं: बोळा किंवा पट्टी आत सरकली तर पाय गार पडतो आणि सर्जनला बोलवावं लागतं, किंवा जागा पिकते. दोन्ही क्वचित. पण तुमचे सासरे मधुमेही आहेत, म्हणून पिकण्याची गोष्ट लक्षात ठेवा. जांघ तशीही शरीरातली घामाची जागा. आदल्या रात्री आणि सकाळी साबणाने स्वच्छ अंघोळ, आणि केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक जखमा होतात आणि जंतूंना आयतं दार मिळतं. ते काम आमच्याकडे क्लिपरने होतं.

आणि डिव्हाइस प्रत्येकाला बसतंच असं नाही. काम संपल्यावर शीथमधून थोडं डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून जांघेचा फोटो घेतात. सुई धमनीच्या बरोबर जागी, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्यासमोर आणि फाटा फुटण्याच्या वर लागली असेल, धमनी पाच मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त रुंद असेल, तिथे चुना साचलेला नसेल, तर लावायचं. जुन्या मधुमेह्याच्या धमनीत चुना असणं अगदी सामान्य. म्हणून घ्यायचं की नाही ते आज ठरवू नका. 'फोटो बघून योग्य वाटलं तरच पाकीट उघडा, नाही उघडलं तर बिलात धरू नका' असं स्पष्ट बोलून ठेवा. विमा असेल तर त्यात डिव्हाइस धरतात का तेही आधी विचारा. लावूनही धरलं नाही, असं अधूनमधून होतंच; मग पुन्हा आम्ही आणि आमचा अंगठा, आणि सहा तास.

खरं तर ही सगळी गोष्ट पहिल्या सुईत ठरते. सोनोग्राफीने बघून सुई घातली तर पहिल्या प्रयत्नात लागायची शक्यता वाढते. 'सोनोग्राफी लावून पंक्चर करता का?' हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात काही वावगं नाही. चांगला डॉक्टर रागावत नाही.

हातातून करण्याबद्दलही एक शब्द, कारण शेजारीपाजारी विचारतीलच. १९८९ मध्ये कॅम्पो यांनी मनगटातून अँजिओग्राफी केली, १९९२ मध्ये कीमेनेय यांनी ॲमस्टरडॅमला मनगटातून अँजिओप्लास्टी, आणि आज आमच्याकडेही बहुतेक केसेस हातातूनच होतात. मनगटाची धमनी वरवर असते, पट्टा बांधून हवा भरली की झालं, रुग्ण लगेच बसतो. पण पट्टा करकचून आवळला तर ती धमनी कायमची बंद पडू शकते, आणि किडनीचे डॉक्टर नेमके यालाच घाबरतात. तुमच्या डॉक्टरांनी मांडी निवडली ते विचार करूनच. त्यावरून वाद घालू नका.

आता ज्यासाठी मी हे एवढं लांबवलं ते. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका हॉस्पिटलात होते तेव्हा, साठीच्या एक बारीक अंगाच्या बाई होत्या. डिव्हाइस झकास बसलेलं, जांघ कोरडी, गाठ नाही. तास-दीड तासाने म्हणाल्या, सिस्टर, पाठ दुखतेय. मी म्हटलं, पलंगच असा आहे, आणि कंबरेखाली उशी दिली. वीस मिनिटांनी त्यांच्या कपाळावर घाम, नाडी एकशे वीस, बीपी ऐंशीवर. सुई वर लागली होती, आणि रक्त बाहेर न येता पोटाच्या मागच्या पोकळीत साचत होतं. सीटी, रक्ताच्या दोन बाटल्या, धावपळ. चौथ्या दिवशी त्या चालत घरी गेल्या. ती उशी मी दिली होती. डिव्हाइस बसलंय म्हणून माझं लक्ष सैल पडलं होतं, एरवी मी पाठ ऐकल्याबरोबर बीपीचा पट्टा हातात घेतला असता.

तुमच्या सासऱ्यांची कंबर आधीपासून दुखते, म्हणून तर मला ही भीती आहे. त्यांना आणि वॉर्डातल्या सिस्टरला आधीच सांगून ठेवा: रोजचं दुखणं कुठे आणि कसं, ते. त्याहून वेगळं, एका बाजूचं, बरगडीखाली किंवा ओटीपोटात दुखायला लागलं की उशी नाही, आधी नाडी आणि बीपी. बीपी पडण्याचं एक साधं कारणही असतं. शीथ निघताना दुखतं, माणूस घाबरतो, नाडी पन्नासच्या खाली जाते, मळमळतं. पाय वर केले, सलाईन आणि ॲट्रोपिन दिलं की पाच मिनिटांत ठीक. नाडी मंद असेल तर हे, नाडी पळत असेल तर रक्त कुठे जातंय ते शोधायचं. फक्त मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर नाडी पळत नाही आणि फसवते. सासरे ती घेत असतील तर तेही सांगा.

वॉर्डात आणखी थोडं. रक्त चादरीच्या वर दिसत नाही, ते मांडीच्या उतारावरून नितंबाखाली जातं. म्हणून दर वेळी हात खाली घालून बघायचं, आणि अंगावर जाड पांघरूण टाकून जांघ झाकून ठेवायची नाही. खोकला, शिंक आली तर त्यांनीच हलकेच जांघेवर हात ठेवावा. उशीवरून मान उचलून मोबाईल बघणं बंद. मान उचलली की पोटाचे स्नायू आवळतात आणि जोर थेट तिथे येतो. पलंगाचं डोकं तीस अंशांपर्यंत वर करता येतं, कंबरेला तेवढाच आराम. आणि वाळूची पिशवी ठेवली नाही म्हणून भांडू नका. आम्हीही वर्षानुवर्षं ठेवली. तिने रक्त थांबत नाही हे अभ्यासांत दिसलंय, रुग्णाची कंबर मात्र जास्त दुखते.

दोन तासांनी उठवतील तेव्हा आधी पाच मिनिटं पाय खाली सोडून बसणं, मग उभं राहणं, मग खोलीत चार पावलं. परत झोपवून जांघ बघायची. संडासला पाश्चात्त्य कमोडच. उकिडवं बसणं आठवडाभर नाही. घरी भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणून ठेवा, आजच. मलावरोध होऊ देऊ नका. इसबगोल घेत असतील तर चालू ठेवा, किडनीमुळे पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून.

तीन मजले पहिल्या दिवशी एकदाच चढायचे. ज्या पायात सुई घातली नाही तो आधी वर, मग दुसरा त्याच पायरीवर. प्रत्येक मजल्यावर थांबायचं. एखादी प्लास्टिकची खुर्ची घेऊन कोणीतरी पुढे राहा. एकदा वर गेले की दोन-तीन दिवस खाली नाही. आठवडाभर पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, आणि आपल्याकडे पाण्याची बादली हमखास विसरतात, ती दहा-पंधरा किलोची असते. स्कूटर निदान दोन दिवस बंद, किक मारायची तर आठवडाभर नकोच. दुसऱ्या दिवसापासून मगाने किंवा शॉवरने अंघोळ चालते. मांडी गुडघ्यापर्यंत निळी, मग हिरवट, मग पिवळी पडेल. दोन-तीन आठवडे टिकेल, घाबरू नका. वाटाण्याएवढी कडक गाठ लागली तरी ठीक. ती वाढत असेल, बोटाला ठोका लागत असेल, तर डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. धमनीच्या भोकातून बाहेर फुगा झालेला असू शकतो आणि बहुतेक वेळा तो सोनोग्राफीत बघून थ्रॉम्बिनचं (रक्त गोठवणारं) इंजेक्शन दिलं की बंद होतो. पाय गार, बधीर, ताप, जागेतून पू, यातलं काहीही असेल तर वाट बघायची नाही.

घरी अचानक रक्त आलं तर आडवं झोपवा, कातडीवरच्या भोकाच्या दोन बोटं वर मूठ ठेवून अंगाचा भार द्या, पंधरा मिनिटं सलग, आणि दुसऱ्या कोणालातरी १०८ लावायला सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. स्टेंट पडला असेल तर मुळीच नाही.

नवरात्राचं म्हणाल तर, अहवालात हृदयाचं काय निघतं त्यावर हृदयाचे डॉक्टर सांगतील. जांघेपुरतं बोलायचं तर पंधरा दिवसांनी मैदानात खुर्ची टाकून गरबा बघायला माझी हरकत नाही. फेर धरायचाच म्हणाले तर एकदा येऊन जांघ दाखवून जा.

आणि डिव्हाइस लावलंच तर त्याच्या पाकिटात एक छोटं कार्ड असतं. ते फाइलमध्ये हरवतं. सासऱ्यांच्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे ठेवा. अँजिओसील असेल तर नव्वद दिवसांच्या आत त्याच जांघेत पुन्हा सुई घालायची वेळ आली तर ती आधीच्या जागेच्या एक सेंटिमीटर वर घालावी लागते, आणि रात्री दोन वाजता इमर्जन्सीत आलेल्या माणसाच्या कुठल्या जांघेत काय बसवलंय ते आम्हाला त्या कार्डावरूनच कळतं.